डावीकडचे दोन मॉनिटर

तीन मॉनिटर ओळीने मांडले की घरात कॉकपिट तयार होतं, असा एक समज आहे. कॉम्प्युटर विकणाऱ्यांचा तर तो फार लाडका समज आहे. प्रत्यक्षात तयार होतं ते एक लांबलचक चित्र. चित्र आणि खिडकी यांत फरक असतो, आणि तो फरक मॉनिटरच्या संख्येवर नाही, तर सिम्युलेटर त्या मॉनिटरांवर कोणत्या पद्धतीने दाखवला जातोय यावर ठरतो. मला हे पुतण्यामुळे कळलं.

२००६ साली मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स आला, तेव्हापासून मला हा नाद आहे. माझी हौस साधी: मोठं विमान घ्यायचं, मुंबईहून निघायचं, ऑटोपायलट लावायचा आणि चहा प्यायचा. त्याला एक मॉनिटर पुरतो. पुतण्या वैमानिकाचं प्रशिक्षण घेत होता. पावसाळ्यात त्याचं उडणं कमी झालं की तो कोल्हापूरला यायचा आणि माझ्या खुर्चीचा ताबा घ्यायचा. त्याला लंडन-बिंडन नको होतं. सेसना १७२ घेऊन उजळाईवाडीच्या धावपट्टीभोवती सर्किट मारायची होती. पुन्हा पुन्हा, तीच.

पहिल्याच संध्याकाळी तो म्हणाला, "काका, तुमचं विमान फक्त समोर बघतंय."

त्याचं म्हणणं समजायचं तर सर्किट काय असतं ते सांगायला हवं. उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ सालचा, राजाराम महाराजांच्या काळातला. धावपट्टी ०७-२५. पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणून २५ वरून, पश्चिमेकडे तोंड करून उडायचं. मग दोनदा डावीकडे वळून धावपट्टीला समांतर, उलट्या दिशेने यायचं. खाली गोकुळ शिरगाव. जमीनच समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास असल्याने हजार फुटांवर उडायचं तर अल्टिमीटर तीन हजार दाखवायला हवा. आणि या सगळ्या वेळात धावपट्टी समोर नसतेच, ती डाव्या हाताला असते. सेसनाच्या पंखाला एक तिरकी दांडी आधार देते. धावपट्टी त्या दांडीच्या साधारण मध्यावर दिसत असेल तर अंतर बरोबर. धावपट्टीचं टोक थेट डाव्या बाजूला आलं की पॉवर कमी करायची. तेच टोक खांद्यामागे ४५ अंशांवर गेलं की वळायचं. विमानाच्या नाकापासून मोजलं तर हे झाले १३५ अंश.

एका मॉनिटरवर हे करायचं म्हणजे जॉयस्टिकवरचं अंगठ्याचं बटण डावीकडे दाबायचं. चित्र झटक्यात डावीकडे उडी मारतं. धावपट्टी दिसते, पण समोरचं क्षितिज गायब. परत समोर यावं तर नाक खाली गेलेलं आणि दोनशे फूट उंची गमावलेली. खऱ्या विमानात माणूस मान वळवतो तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून क्षितिज सांभाळत असतो. डोकं हलवलं की चित्र हलवणारं ट्रॅकआयआर नावाचं उपकरणही आम्ही एकाकडून मागून आणून पाहिलं. मान डावीकडे आणि डोळे मात्र समोरच्या मॉनिटरवर, हा प्रकार मला काही मानवला नाही. पुतण्याही दोन दिवसांत कंटाळला.

मग आणखी दोन मॉनिटर आले, सगळे २७ इंची. पहिला प्रयोग सगळेच करतात तो: एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये सराउंड चालू केलं. एएमडीच्या कार्डवर यालाच आयफिनिटी म्हणतात. तीन मॉनिटर मिळून ५७६० बाय १०८० चा एकच मॉनिटर आहे, असं विंडोजला भासवलं जातं. मॉनिटरच्या काठांचा हिशेबही करता येतो. काठामागे जेवढं चित्र यायला हवं तेवढं लपवलं जातं, म्हणजे धावपट्टीची रेघ एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर जाताना तुटत नाही. मजा अशी की एक्सेल मोठं केलं तर तेही तिन्हींवर पसरतं, आणि घरातल्या हिशेबाच्या रकाना ए आणि रकाना एएफ यांच्यात दीड मीटरचं अंतर पडतं. बायकोने एकदाच ते पाहिलं आणि तिचा लॅपटॉप वेगळा केला.

सराउंडमध्ये पहिल्या नजरेला डोळे दिपतात. पण सिम्युलेटरच्या दृष्टीने कॅमेरा एकच आणि पडदा सपाट. लग्नातल्या ग्रुप फोटोत अगदी कडेला उभा राहिलेला मामा नेहमी जाड का दिसतो? तेच इथे होतं. समजा एकूण १०० अंशांचं दृश्य मागितलं. मधल्या मॉनिटरच्या वाट्याला त्यातले सुमारे ४३ अंश येतात आणि बाजूच्या दोघांना जेमतेम २८-२८. अगदी कडेची वस्तू मधल्यापेक्षा जवळजवळ अडीचपट रुंद ताणलेली असते. आणि एवढं करून डावीकडचं दृश्य संपतं ५० अंशांवर. धावपट्टी ९० वर! हट्टाने कोन वाढवत नेला तर मधलं चित्र बारीक होत जातं आणि कडा आणखी फाकतात. १८० अंश तर सपाट पडद्यावर गणितानेच अशक्य. थोडक्यात, तीन मॉनिटर घेऊनही विमान समोरच बघत होतं, फक्त जरा डोळे फाडून.

आमचं काम झालं ते एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये. सराउंड बंद केलं, विंडोजला तीन मॉनिटर तीनच दिसू दिले. एक्स-प्लेनच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये प्रत्येक मॉनिटरला वेगळं काम देता येतं: पूर्ण पडद्यावर दृश्य, खिडकीत दृश्य, प्रशिक्षकाचा पडदा, किंवा काहीच नाही. दृश्य निवडलं की त्या मॉनिटरने किती अंश दाखवायचे आणि समोरच्या दिशेपासून किती अंश वळून बघायचं, हे आकडे भरायचे. म्हणजे तीन कॅमेरे, तीन दिशांना. ताण नाही.

आकडे मात्र मनाचे भरून चालत नाहीत, ते टेबलावरून यावे लागतात. २७ इंची मॉनिटरची रुंदी साधारण ६० सेंटिमीटर. डोळे त्याच्या मध्यापासून ६० सेंटिमीटरवर ठेवले तर तो डोळ्यांपुढे ५३ अंश व्यापतो. दोन्ही बाजूंचा एकेक सेंटिमीटर काठ धरला की शेजारचा मॉनिटर ५५ अंश वळवून ठेवावा लागतो. सिम्युलेटरमध्येही तोच आकडा. टेबलावर ४० आणि सेटिंगमध्ये ५५ असं केलं तर क्षितिज काठापाशी मोडतं आणि वळताना पोटात कालवतं.

इथवर आल्यावर पुतण्याने विचारलं की उजवीकडे मॉनिटर हवाय कशाला? सर्किट साधारणपणे डावीकडचीच असतात, मुख्य वैमानिक बसतो तोही डावीकडे. मग एक मॉनिटर समोर आणि दोन्ही डावीकडे का नकोत? हिशेब केला. ५५, मग ११०, आणि शेवटच्या मॉनिटरचे निम्मे २६ अंश. डावीकडे १३६ अंशांपर्यंत दिसणार. आम्हाला हवे होते १३५.

टेबल करायला आमचे नेहमीचे सुतार आले. मी कोनमापकाने कागदावर नकाशा काढून ठेवला होता. त्यांनी तो बाजूला ठेवला, प्लायवूड जमिनीवर टाकलं आणि विचारलं, "साहेब, खिळा कुठं ठोकू?" म्हणजे बसणाऱ्याचे डोळे कुठे. खिळा ठोकला, त्याला सुतळी बांधली, दुसऱ्या टोकाला पेन्सिल, आणि एका फटक्यात कंस मारला. मॉनिटरच्या जागा त्या कंसावर मापून खुणा केल्या. माझा नकाशा चुकीचा नव्हता, पण त्यात डोळ्यांची जागा सगळ्यात शेवटी काढलेली होती.

तीन वेगळ्या दृश्यांची किंमत असते, आणि ती फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाला किती चित्रं निघतात त्यात, मोजायची. सराउंडमध्ये ग्राफिक्स कार्डला साधारण ६२ लाख पिक्सेल रंगवायचे असतात, पण एकाच कॅमेऱ्यासाठी. एका फोर-के मॉनिटरचे पिक्सेल याहून जास्त, ८३ लाख भरतात. तीन कॅमेरे म्हटले की तेच डोंगर, तीच घरं, तेच ढग तीनदा मांडावे लागतात, आणि प्रोसेसर धापा टाकतो. आमच्याकडे फ्रेम निम्म्याहून खाली आल्या. सावल्या काढल्या, ढग पातळ केले, घरांची गर्दी कमी केली. पुतण्या म्हणाला, घरं कोणाला बघायचीत, धावपट्टी दिसली की झालं. मायक्रोसॉफ्टच्या नव्या सिम्युलेटरमध्येही २०२२ पासून प्रायोगिक म्हणून जादा खिडक्या उघडून त्या वेगळ्या मॉनिटरवर नेता येतात, पण आमच्या मशीनला ते ओझं पेललं नाही. तो मी एकाच मॉनिटरवर ठेवलाय, सह्याद्री बघायला. त्याच्याइतका सुंदर सह्याद्री एक्स-प्लेनमध्ये नाही, हे कबूल करायला हवं.

विमान कंपन्यांच्या मोठ्या सिम्युलेटरमध्ये ही काठांची भानगडच नसते. तिथे प्रोजेक्टरचं चित्र वक्र आरशातून येतं आणि खूप लांबचं वाटतं, त्यामुळे शेजारी बसलेल्या दोन्ही वैमानिकांना धावपट्टी आपापल्या जागेवरून बरोबरच दिसते. आमच्या खोलीत फक्त खिळा ठोकला होता तिथे बसणाऱ्याला बरोबर दिसतं. मी मागे उभा राहिलो की मला क्षितिज तीन तुकड्यांत दिसतं.

एक अडचण उरलीच. काही धावपट्ट्यांवर डोंगर किंवा वस्तीमुळे उजव्या हाताचं सर्किट ठरलेलं असतं, आणि आमच्या टेबलाला उजवी बाजूच नाही. जड टेबल उलटं फिरवायचं म्हणून पुतण्या आणि मी खोलीची मापं घेत होतो, तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराचं काम करायला आलेले सुतार म्हणाले, "टेबल कशाला हलवताय? खुर्ची फिरवा की."

खरंच तेवढंच होतं. अगदी डावीकडच्या मॉनिटरसमोर बसलं की बाकीचे दोन आपोआप उजवीकडे येतात. सेटिंगमध्ये त्याला शून्य, मधल्याला उजवीकडे ५५, तिसऱ्याला ११०. जॉयस्टिक आणि पायाखालची पेडलं उचलून न्यावी लागतात, एवढंच. मात्र सिम्युलेटरमधला वैमानिक अजूनही डाव्याच खुर्चीत बसलेला असतो, त्यामुळे शेजारच्या रिकाम्या जागेपलीकडून, उजव्या खिडकीच्या तळाशी धावपट्टी अर्धीमुर्धी दिसते. ते काही आकडे बदलून सुधारत नाही. पुतण्या म्हणतो, खऱ्या सेसनातही ते असंच अवघड असतं, तेव्हा राहू दे.