दोन घडींची कोशिंबीर

पुणे-सातारा महामार्गालगतच्या वरवे बुद्रुक गावी पुण्यातील एका जैन कुटुंबाची थोडी जमीन आहे. बांधावर रायवळ आंब्याची दोन झाडे, विहिरीजवळ पपईची रांग आणि कुंपणाशी लिंबू. वैशाखात कुटुंबातील ८२ वर्षांच्या आजी तेथे राहावयास आल्या. त्यांचे नित्य बियासणे, सूर्यास्तानंतर चौविहार, शिवाय सचित्ताचा त्याग. उन्हाच्या तडाख्याने त्यांची अन्नावरची इच्छाच उडाली. चतकोर भाकरी घेऊन त्या पानावरून उठू लागल्या. आठ दिवसांत चेहरा उतरला. डॉक्टरांनी पाणी आणि फळे वाढविण्यास बजावले.

मुलाने मोठ्या हौसेने शेजारच्या पुरंदर तालुक्यातील अंजिरे आणली. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले हे फळ. पण आजींनी बशी हळूच दूर सारली. अंजिराची गणना पाच उदुंबर फळांत होते आणि ती अभक्ष्य मानली जातात.

"आई, या जातीच्या अंजिराला कीटक लागतच नाही. परागीभवनाविना फळ धरते," मुलाने समजावले. "आणि या वयात नियम थोडा सैल केला तर काय बिघडेल?"

"तुझे शास्त्र खरे असेल, बाळा," आजी शांतपणे म्हणाल्या. "पण नियम घेताना मी झाडाची जात विचारली नव्हती."

मुलगा चिडून बाहेर गेला. सूनबाई मात्र सासूबाईंजवळ बसल्या. "आई, काय चालत नाही ते आम्हांला पाठ आहे. काय चालेल, ते सांगा ना."

हा प्रश्न त्या घरात बहुधा प्रथमच विचारला गेला होता. आजींनी बोटांवर मोजून सांगितले आणि सूनबाई कामाला लागल्या.

ज्या फळांचे बी पूर्णपणे वेगळे करता येते, तीच निवडली : झाडावरचा पिकलेला आंबा, पपई आणि बाजारातले खरबूज. काकडी वगळली, कारण तिचे कोवळे बी गरापासून सुटत नाही. फळे अखंड असतानाच ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवली. बर्फ अभक्ष्य, म्हणून गारव्याचे काम पाण्याच्या बाष्पीभवनाकडे सोपविले. मग फोडी करून बी काढले, लिंबाचा रस बिया गाळून घातला आणि पातेले झाकून घड्याळ पाहिले. बी वेगळे झाल्यावर दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे लोटली की फळ अचित्त मानतात.

या अवधीत जिरे खमंग भाजून कुटले, सैंधवही तव्यावर भाजून घेतले. मधाऐवजी खडीसाखरेची पूड घेतली. ओल्या पुदिन्याच्या जागी वाळवलेला पुदिना चुरला. मीठ आधी घातल्यास फळांना पाणी सुटते, म्हणून मीठ, जिरे आणि मिरपूड वाढतेवेळीच घातली.

बियासण्याच्या वेळी वाटी पुढे आली, तेव्हा आजींनी विचारले, "दोन घडी झाल्या?"

"तीन मिनिटे वरच झाली, आई."

आजींनी वाटी संपविली आणि पुन्हा पुढे केली. मुलगा दारातून पाहत होता. आजी त्याच्याकडे न पाहताच म्हणाल्या, "भूक नव्हती असे नाही रे. माझ्या नियमांपायी हिला रोज वेगळे करावे लागते, म्हणून मीच कमी घेत होते."

मुलाला उत्तर सुचले नाही. नियम सैल करण्याचा आग्रह त्याने प्रेमानेच धरला होता; परंतु आईला हवी होती ती नियमातून सुटका नव्हे, नियमासह सोबत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंबे उतरविण्यासाठी तो स्वतः बांधावर गेला. आर्द्रा नक्षत्र लागले की त्या घरात आंबा वर्ज्य होतो. त्याला अजून महिनाभर अवकाश होता. फळे ओल्या फडक्यात गुंडाळून त्याने माठाशेजारी ठेवली आणि स्वयंपाकघरात येऊन विचारले, "आईंचे बियासणे किती वाजता? त्याआधी तासभर फोडी करायला बसतो."