चेहऱ्याचे पैसे

पौषात यमाईच्या यात्रेचे दिवस जवळ आले की औंधमध्ये कुस्ती मैदानाचे फ्लेक्स लागतात. वर देवी, कडेनं पुढारी, मधोमध शड्डू ठोकलेले पैलवान आणि खाली इनामाचे आकडे. खेळाडूंचे करार लिहिणं आणि तपासणं हा माझा धंदा, त्यामुळे माझं लक्ष आकड्याआधी फोटोकडं जातं. जोड लावताना इनामावर घासाघीस होते, गाडीभाड्यावर होते, क्वचित वस्तादाच्या मानावरही होते. फोटोवर होत नाही. तो व्हॉट्सॲपवर मागवला जातो आणि पैलवान आनंदानं पाठवतो. खरं तर लोक मैदानाला येतात ते त्या फोटोतल्या माणसासाठी. आमच्याच जुन्या संस्थानातल्या कुंडलच्या मैदानाला जी गर्दी लोटते, ती काय इनामाचा आकडा वाचून लोटते?

कुस्तीत हे चालून जातं, कारण सगळा व्यवहार शब्दावर असतो आणि मैदान संपलं की फ्लेक्स उतरतो. त्याच भागातला मुलगा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरून उठून व्यावसायिक फुटबॉलमध्ये जातो तेव्हा त्याच्यासमोर कागदांची चळत येते, आणि त्यात एक कलम त्याच्या नावाचं, चेहऱ्याचं, सहीचं, आवाजाचं असतं. धंद्यात त्याला ‘इमेज राइट्स’ म्हणतात. दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला लिहायला सांगितलं ते याच कलमावर.

युरोपात मोठा खेळाडू क्लब बदलतो तेव्हा साधारण तीन रकमांवर बोलणी चालतात. जुन्या क्लबला द्यायची बदलीची रक्कम, खेळाडूचा पगार आणि इमेज राइट्सचा मोबदला. पहिल्या रकमेत खेळाडूला काही बोलता येत नाही. म्हणून तो आणि त्याचा एजंट उरलेल्या दोहोंवर जोर लावतात. हा जोर 1995 पासून फार वाढला. त्या वर्षी युरोपीय न्यायालयानं बॉसमन खटल्यात निकाल दिला, की करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशाच्या क्लबकडं जात असेल तर जुन्या क्लबला पैसे मागता येणार नाहीत. जुन्या क्लबचे वाचलेले पैसे आपल्या पगारात यावेत, असं खेळाडू म्हणू लागले आणि ते त्यांना मिळूही लागलं.

मग चेहऱ्याचे पैसे पगारापासून वेगळे का काढायचे? प्रामाणिक उत्तर एकच: कर. पगार कर कापूनच हातात येतो. तेच पैसे ‘माझ्या नावाचा वापर करू दिल्याबद्दल’ खेळाडूच्या कंपनीला मिळाले तर हिशेब बदलतो. इंग्लंडच्या करखात्यानं ही पळवाट बंद करायला एक खटला लढवला. कागदोपत्री त्यात क्लब निनावी होता आणि खेळाडूंची टोपणनावं होती एव्हलिन आणि जोसलिन. क्लब आर्सेनल, खेळाडू डेनिस बर्गकॅम्प आणि डेव्हिड प्लॅट, हे कळायला कुणाला वेळ लागला नाही. 2000 साली निकाल क्लबच्या बाजूनं लागला: या हक्कांना बाजारात खरी किंमत आहे, तेव्हा त्यांचे पैसे म्हणजे लपवलेला पगार नव्हे. गंमत अशी, की इंग्लंडच्या कायद्यात इमेज राइट्स नावाचा स्वतंत्र हक्क आजही नाही. कायद्यात नसलेल्या गोष्टीवर एवढी मोठी पेठ उभी राहिली.

स्पेनमध्ये मात्र हिशेब अंगाशी आला. लिओनेल मेस्सीच्या चेहऱ्याची 2007 ते 2009 ची कमाई बेलीझ आणि उरुग्वेतल्या कंपन्यांमधून फिरवली होती. 2016 मध्ये बार्सिलोनाच्या न्यायालयानं 41 लाख युरोंच्या करचुकवेगिरीसाठी त्याला आणि त्याच्या वडिलांना 21 महिन्यांची शिक्षा सुनावली. तुरुंगात जायची वेळ आली नाही. पण वडिलांवर विसंबून सह्या केल्या, हा बचाव न्यायालयानं ऐकून घेतला नाही. सही वडिलांच्या सांगण्यावरून होते हे आपल्याकडंही जवळपास प्रत्येक घरात खरं आहे, म्हणून मी हा खटला पालकांना मुद्दाम सांगतो.

क्लबांचीही आपापली तऱ्हा. रेआल माद्रिदची जुनी रीत निम्मे हक्क आपल्याकडं ठेवण्याची. नापोलीचे मालक आउरेलिओ दे लॉरेंतिस मूळचे चित्रपट निर्माते, ते सगळेच्या सगळे मागतात. नटाला करारात बांधायची सवय फुटबॉलमध्येही सुटलेली दिसत नाही. 2016 मध्ये जोझे मोरिन्यो मँचेस्टर युनायटेडचा प्रशिक्षक व्हायला निघाला, तेव्हा त्याच्याच नावाचा ट्रेडमार्क आधीच्या क्लबकडं, चेल्सीकडं, 2005 पासून नोंदलेला निघाला. आणि 2019 च्या उन्हाळ्यात पाउलो दिबालाचं युव्हेंटसहून टॉटनहॅमला जाणं फिसकटलं, त्यात मोठी अडचण होती ती त्याच्या इमेज राइट्सवर एका तिसऱ्याच कंपनीनं सांगितलेल्या दाव्याची. पायात बळ होतं, क्लब तयार होता, चेहरा मात्र गहाण पडलेला.

आता आपल्याकडं येतो. भारतातही चेहऱ्याच्या हक्काचा वेगळा कायदा नाही. न्यायालयांनी खटल्याखटल्यातून तो उभा केला आहे. मुंबई उच्च न्यायालयानं 2024 मध्ये अरिजित सिंगच्या आणि 2025 मध्ये सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेनं केलेली नक्कल रोखली. खेळाडूंच्या वाट्याला मात्र दिल्लीत उलटा अनुभव आला. मोहम्मद सिराज, अर्शदीप सिंग वगैरे क्रिकेटपटूंची नावं आणि रेखाचित्रं एका ऑनलाइन खेळात वापरली गेली. त्यांच्याकडून परवाना घेतलेली कंपनी त्यांच्यासह न्यायालयात गेली. 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अंतरिम मनाई नाकारली, कारण खेळाडूचं नाव आणि कामगिरीची आकडेवारी ही सगळ्यांसाठी खुली माहिती आहे. मला हा निकाल बरोबर वाटतो. खेळाडूंची बाजू घेणारा वकील असूनही वाटतो. धावफलकही विकत घ्यावा लागला तर वर्तमानपत्राचं क्रीडापान बंद करावं लागेल.

पगार कुठला आणि चेहऱ्याचे पैसे कुठले, हा प्रश्न आपल्याकडं सगळ्यात नीट मांडला गेला तो सौरव गांगुलीच्या सेवाकराच्या खटल्यात. आयपीएलच्या फ्रँचायझीकडून मिळालेल्या पैशांत जाहिरातीचं कामही मिसळलेलं आहे, म्हणून त्यावर सेवाकर लागू होतो, असं खात्याचं म्हणणं. 2016 मध्ये कोलकाता उच्च न्यायालयानं ते फेटाळलं. अंगावर पुरस्कर्त्याचं नाव असलेला शर्ट घालून खेळणं हा खेळाडूच्या नोकरीचाच भाग झाला, असा त्याचा अर्थ. आज सेवाकराच्या जागी जीएसटी आहे. पगारावर तो लागत नाही. पण चेहऱ्याचे पैसे वेगळ्या करारानं घेतले आणि अशी कमाई वर्षाला 20 लाखांवर गेली, की नोंदणी करा आणि 18 टक्के लावा. युरोपची नक्कल करत ‘आमचेही इमेज राइट्स वेगळे काढा’ म्हणणाऱ्या एजंटांना मी आधी हा हिशेब कागदावर करून दाखवायला सांगतो. बहुतेकदा आकडेमोड अर्ध्यावरच थांबते.

चेहऱ्याला खरी किंमत येते ती फार थोड्यांच्या. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली तेव्हा प्रत्येक संघाला एक ‘मार्की’ खेळाडू असे. मुंबई सिटीनं आणलेला फ्रेडी ल्युंगबर्ग मैदानापेक्षा होर्डिंगवरच जास्त दिसला, आणि त्याला आणलंही त्यासाठीच होतं. पुढच्या वर्षी मुंबईत झालेल्या लिलावात सुनील छेत्री 1 कोटी 20 लाखांना मुंबई सिटीकडं गेला, युजीनसन लिंगडोह 1 कोटी 5 लाखांना पुण्याच्या संघाकडं. छेत्रीचा चेहरा विकला जातो. त्याच्या वकिलानं तो वेगळा मोजावा. त्याच संघातल्या डाव्या बगलेच्या बचावपटूचा चेहरा कुठली कंपनी विकत घेणार आहे?

म्हणून माझं म्हणणं आमच्या भागातल्या काही मंडळींना रुचत नाही. सामान्य खेळाडूच्या बाबतीत इमेज राइट्सची मागणी ही बहुधा पगारवाढीचीच मागणी असते, दुसऱ्या नावानं केलेली. लीगमध्ये संघाच्या एकूण पगारखर्चाला मर्यादा घातलेली आहे, काही हंगाम ती 16.5 कोटींवर होती. तेव्हा पगार वाढत नसेल तर दुसऱ्या खात्यातून द्या, हा मोह होणारच. पण हे दुसरं खातं क्लबच्या दृष्टीनं सगळ्यात आधी बंद करण्याजोगं असतं. पगार थकला तर फिफाचा नियम पाठीशी आहे: किमान दोन महिन्यांचा पगार थकला, लेखी नोटीस देऊन 15 दिवस वाट पाहिली आणि तरी पैसे आले नाहीत, तर खेळाडू करार मोडून मोकळा होऊ शकतो. चेहऱ्याचे पैसे थकले तर? समोरचा म्हणणार, तो वेगळा करार, वेगळी कंपनी, वेगळा वाद. ज्याचा चेहरा बाजारात खपत नाही त्यानं मिळेल तो रुपया पगारातच घालून घ्यावा.

हे कोरडं तत्त्वज्ञान नाही. जुलै 2025 मध्ये आयएसएलचा हंगाम अडकला, कारण भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला 2010 चा हक्कांचा करार डिसेंबरात संपत होता आणि पुढचं काही ठरलेलं नव्हतं. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीनं खेळाडूंचे पगार स्थगित केल्याचं जाहीर केलं. त्या महिन्यात मला आलेल्या फोनांवर इमेज राइट्स हा शब्द कुणी उच्चारला नाही. सगळे एकच विचारत होते, करारात पगाराची तारीख आहे का, आणि हंगामच झाला नाही तर काय लिहिलंय.

कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा आहे. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमी-मंडळांचं नाव पोरांच्या आडनावासारखं लागतं. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात अनिकेत जाधव भारताकडून खेळला आणि पुढं आयएसएलमध्ये गेला, तेव्हापासून सातारा-सांगलीच्या बाजूलाही मुलाला फुटबॉलमध्ये घालणारे आई-बाप दिसू लागले. अशाच एका मुलाचे वडील कराराची फाइल घेऊन माझ्याकडं आले. द्राक्षबागायतदार माणूस, व्यापाऱ्याशी भाव करण्यात मुरलेला. “वकीलसाहेब, ह्येनी फोटोचं पैसं वायलं लिवल्यात. लई झ्याक दिसतंय की!” रक्कम खरोखरच बऱ्यापैकी होती. पण खाली लिहिलं होतं की ती ‘व्यावसायिक उत्पन्नाच्या प्रमाणात’ मिळेल, म्हणजे क्लबनं जाहिरातदार आणला तर. मूळ पगार तेवढ्यानं कमी केलेला. “तुमचा माल व्यापारी विकंल तेव्हा पैसे देईन म्हणाला तर द्याल का?” एवढं विचारल्यावर पुढचं मला समजवावं लागलं नाही. त्यांनीच क्लबच्या माणसाला फोन लावला आणि रक्कम पगारात आणून घेतली. पूर्ण नाही, पाऊण मिळाली.

पैसे पगारात आले म्हणून चेहऱ्याचं कलम न वाचता सोडायचं का? नाही, कारण तिथं धोका रकमेचा नसतो, मुदतीचा असतो. क्लबला संघाचा फोटो, सामन्याची चित्रफीत, तिकिटाची जाहिरात यासाठी खेळाडूचा चेहरा लागतो आणि तो दिलाच पाहिजे. पण अनेक मसुद्यांत ‘सर्व माध्यमांत, आज ज्ञात व पुढे शोधल्या जाणाऱ्या, कायमस्वरूपी’ असं लिहिलेलं असतं. 2020 मध्ये झ्लाटान इब्राहिमोविचनं जाहीरपणे विचारलं होतं, व्हिडिओ गेममध्ये माझं नाव आणि चेहरा वापरायची परवानगी कुणी दिली? परवाने क्लब आणि खेळाडू-संघटनांच्या वाटेनं गेलेले होते. आता प्रश्न गेमपुरताही उरला नाही. चेहरा आणि आवाज यांच्यावरून खेळाडू न बोललेलं बोलतानाही दाखवता येतो, आणि ‘पुढे शोधल्या जाणाऱ्या’मध्ये तेही बसतं.

आमच्या औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रचार स्वतः घाम गाळून केला. त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1938 मध्ये लंडनमध्ये निघालं. राजाला आपल्या व्यायामाची फुकट जाहिरात परवडत होती, शिवाय ती त्याची स्वतःची इच्छा होती. एकोणीस वर्षांच्या मुलाकडून तशी जाहिरात कलमात बसवून घेणं वेगळं.

मुदतीइतकाच धोका करार मोडण्याच्या कलमात असतो. अन्वर अली मोहन बागानकडून ईस्ट बंगालकडं गेला तेव्हा महासंघाच्या समितीनं सप्टेंबर 2024 मध्ये त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली आणि त्यानं, ईस्ट बंगालनं आणि तिसऱ्या एका क्लबनं मिळून मोहन बागानला 12 कोटी 90 लाख भरावेत असं सांगितलं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. ज्या देशात करार मोडण्याची किंमत अशी कोटींत निघू शकते, तिथं पोराला करारातून बाहेर कसं पडता येईल हे पान मी इमेज राइट्सच्या पानाआधी उघडतो.

त्या बागायतदारांच्या मुलाच्या करारातही शेवटी चेहऱ्याचं कलम राहिलंच. मी त्यात तीन बदल सुचवले: संघातले इतर खेळाडू सोबत असतील तरच जाहिरातीत वापर, कृत्रिम नक्कल लेखी परवानगीशिवाय नाही, आणि ‘कायमस्वरूपी’च्या जागी ‘करार संपल्यावर सहा महिने’, जुन्या सामन्यांच्या चित्रफितींना त्यातून सूट. पहिल्या बदलावर दोन दिवस वाद झाला, दुसऱ्यावर मुंबईहून कुणाची तरी संमती यावी लागली. तिसरा क्लबच्या वकिलानं फोनवरच मान्य केला. कायमस्वरूपी हक्क त्यांनाही नको होता, जुन्या मसुद्यातून तो शब्द वर्षानुवर्षं तसाच उतरत आला होता.