तरवडाची माळ

घट बसले की आमच्या माणदेशात रोज एक माळ घटावर चढते. पहिली विड्याच्या पानांची, पुढच्या ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीनं. कुणी कारळ्याच्या फुलांची करतं, कुणी झेंडूची. आमच्या घरात मान तरवडाला. तरवड म्हणजे माळावरचं, बांधावरचं कंबरेएवढं झुडूप. पूर्वी त्याची साल कातडी कमवायला जायची. पाऊस कमी असला तरी नवरात्राला ते पिवळंधमक फुललेलं असतं. शेरडं तोंड लावत नाहीत, म्हणून टिकून राहिलं.

माळ करायला पैसा लागत नाही, पण हात लागतो. तरवडाची सुटी फुलं तोडायची नाहीत, घरी येईस्तोवर पाकळ्या गळतात. कळ्या-फुलांचा अख्खा तुरा बोटभर देठासकट खुडायचा, उन्हं वर यायच्या आत. ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचा. बांधायला बारीक दोरा नको, तो कोवळा देठ कापतो. घायपाताचा वाख नाहीतर केळीचं सोपट भिजवून घ्यायचं. एक तुरा डावीकडं तोंड करून, दुसरा उजवीकडं, देठावर देठ ठेवून वाखाचा वेढा आणि गाठ. हातभर झाली की माळ वर टांगायची. शेंडा घटाला टेकला पाहिजे. मधे दोन-चार गोकर्णीची निळी फुलं घातली तर पिवळ्यात उठून दिसतात. गोकर्णीचा वेल कुंडीतही येतो, हे शहरातल्यांसाठी सांगितलं.

१९७२ साली मी बारा वर्षांचा होतो. त्या साली विहिरी आटल्या, बाजरी करपली, कारळं तर उगवलंच नाही. घरातलं बियाणंही दळून खाल्लेलं. आण्णा म्हणाले, ‘औंदा घट नको. पेरायचं काय त्यात?’ आय काही बोलली नाही. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून येताना तिनं पदरात तरवड आणला. रेशनवर लाल मिलो मिळायचा, त्यातला मूठभर काळ्या मातीत पेरला आणि पिण्याच्या पाण्यातलं ओंजळभर रोज घटाला घातलं. मिलो काही उगवला नाही. नऊ दिवस खाली माती तशीच काळी, वर मात्र रोजची माळ चुकली नाही. दसऱ्याला घटातलं धान टोपीत खोवायचं असतं. धान नव्हतंच. आयनं शेवटच्या माळेतला एक तुरा तोडून आण्णांच्या टोपीत खोवला. आण्णा तसेच सीमोल्लंघनाला गेले. देवळापाशी कुणी हसलं नाही. सगळ्यांच्याच टोप्या रिकाम्या होत्या.

दसऱ्याच्या तोरणाचंही सांगतो, कारण वीस गुंठे झेंडू मी स्वतः करतो. तीन फुटी चौकटीला पाव किलो झेंडू पुष्कळ होतो. सुतळी, दाभण, अकरा आंब्याची पानं, प्रत्येक दोन पानांत दोन फुलं, मधोमध बाजरीची कणसं. फुलं दोन दिवस आधी घ्यावीत आणि ओल्या पोत्यावर सावलीत पसरून ठेवावीत. आदल्या संध्याकाळी भाव चढला म्हणून गिऱ्हाईक बोलतं, पण दसऱ्याच्या दुपारी उरलेला माल आम्ही रस्त्याच्या कडेला ओतून येतो, तो बघायला कुणी थांबत नाही. मागं एकदा गाडीभाडंही सुटलं नव्हतं. आता प्लास्टिकचं तोरण आलंय. ते एकदा लावलं की पुढच्या दसऱ्यापर्यंत धूळ खात तिथंच. सूनबाईनं पण एक आणलं होतं. मी काही म्हणालो नाही, नातीनं काढलं. तिला घटाची माळ बांधता येते, गाठ माझ्यापेक्षा घट्ट बसते.

अडचण दुसरीच आहे. बांध जेसीबीनं कोरून काढले, उरले त्यावर तणनाशक मारलं. पूर्वी घरामागं मिळणारा तरवड आता दीड मैलावरच्या डोंगराच्या कडेला जाऊन आणावा लागतो, आणि माझे गुडघे तक्रार करतात. म्हणून गेल्या उन्हाळ्यात वाळक्या शेंगा आणून बी काढलं आणि मृगाच्या पावसावर विहिरीकडच्या बांधाला टोकलं. पंचवीस ठिकाणी टोकलं, अकरा झाडं जगली. अजून गुडघ्याएवढीच आहेत, फूल नाही. परवा शेजाऱ्याची शेळी दावं तोडून आली, एकेक झाड हुंगलं आणि माझ्या मेथीत शिरली.