नागीण नव्हे, हर्पीस

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या खानावळीत ताटं यायच्या आधी त्याने शर्ट जरासा वर केला, इन्सुलिनचं पेन पोटाला लावलं, मनात दहा मोजले आणि सुई काढली. शेजारच्या टेबलावरचे काका टक लावून बघत होते. "नवव्या वर्षापासून चालू आहे," तो म्हणाला आणि पोळीचा तुकडा मोडला.

तिला त्याचा हेवा वाटला. त्याचा आजार चारचौघांत, वरणभाताआधी उरकता येतो. या शहरात डॉ. अर्चना सारडांची 'उडान' संस्था अशा मुलांसाठी काम करते. टाइप वन मधुमेहाबद्दल निदान बोललं तरी जातं. तिचा आजार ज्या दवाखान्यात दाखवायचा, त्याच्या पाटीवरच 'गुप्तरोग' लिहिलेलं.

तिसऱ्या भेटीत, गोगाबाबा टेकडी उतरताना, तिने सांगून टाकलं. "मला हर्पीस आहे."

"म्हणजे नागीण? आजीला झाली होती. तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो म्हणायचे!"

तिला हसू आवरेना. नागीण म्हणजे अंगात दबून राहिलेला कांजिण्यांचा विषाणू पुन्हा उठणं. तिचा हर्पीस सिम्प्लेक्स त्याच्याच कुळातला, पण वेगळा. आधीच्या नात्यातून आलेला, मधूनच जननेंद्रियांवर फोड आणणारा. त्याला रोजच्या मराठीत स्वतःचं नावही नाही. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ८४.६ कोटी लोकांना जननेंद्रियांचा हर्पीस आहे!

दोन दिवस त्याचा फोन नाही. "भीती तिची नव्हती, साखरेची होती," असं तो आता सांगतो. ते खरंही आहे. कुठलाही संसर्ग झाला की साखर चढू शकते, चढलेल्या साखरेत जखमा रेंगाळतात, इन्सुलिन कमी पडलं तर रक्तात कीटोन साठतात. म्हणून आजारपणात जेवण गेलं नाही तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं. साखर आणि कीटोन पुन्हापुन्हा तपासायचे असतात. हे त्याला पाठ होतं. हर्पीसचं काहीच माहीत नव्हतं.

मग दोघं मिळून डॉक्टरांकडे गेली. फोड नसतानाही विषाणू पसरू शकतो. कंडोमने धोका कमी होतो, संपत नाही. रोज व्हॅलासायक्लोव्हिर घेतलं तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं, हे २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं. मुंग्या, जळजळ सुरू झाली की फोड पुरते बरे होईपर्यंत लांब राहायचं.

त्याचीही रक्ततपासणी झाली. हर्पीस निघाला! लहानपणी तापात ओठावर फोड यायचे, तोच. जगातल्या पन्नाशीखालच्या ६४ टक्के लोकांत असतो तो. डॉक्टरांनी प्रकार सांगितला: टाइप वन. "हाही टाइप वनच?" त्याने विचारलं.

ती आता गोळी रात्री घेते, त्याच्या रात्रीच्या इन्सुलिनच्या वेळी. ज्यांना बाहेरचा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी: सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये हर्पीसच्या फोडांवरचं औषध लाल रंगाच्या पाच नंबरच्या किटमधून मोफत दिलं जातं.