ऋणाची बाजू

वसुली खात्यात काम केलेल्या माणसाने दुसऱ्याची वस्तू वीस-बावीस वर्षं घरात ठेवून घ्यावी, हे काही शोभत नाही. पण माझ्या टेबलाच्या खणात तशी एक वस्तू आहे. एक पितळी होल्डर, त्यात बारा व्होल्टचा छोटा बल्ब, होल्डरमधून निघालेल्या दोन वायरी. एकीच्या टोकाला दातेरी क्लिप आणि दुसरीला घासून अणकुचीदार केलेली सायकलच्या चाकाची तार. गॅरेजवाले हिला टेस्ट लॅम्प म्हणतात. बँकेत अकरा वर्षं मी लोकांना थकबाकीच्या नोटिसा पाठवल्या. तेवढा काळ हा दिवा माझ्याच खणात थकलेला होता.

आमच्याकडे १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. तिला पद्मिनी म्हणताना मी फक्त आरटीओच्या कागदालाच ऐकलंय. वालचंद हिराचंदांची कंपनी १९५४ पासून कुर्ल्यात फियाटची अकराशे बनवत होती. पुढे नाव बदललं तरी लोकांच्या तोंडची ‘फियाट’ काही सुटली नाही. वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. १९९४ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी मिळालेल्या पैशांतून ही गाडी जुन्यात घेतली. वळायचं असलं की ते दांडी तर खाली करायचेच, शिवाय खिडकीतून हातही बाहेर काढायचे. “दिव्यावर विश्वास आहे, पण मागच्यावर नाही,” असं त्यांचं म्हणणं.

२००३ मध्ये गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली. आता पासिंग करून नोंदणी वाढवून घ्यायची, तर गाडीचा एकूण एक दिवा लागायला हवा. आमच्या गाडीत मात्र भुताटकी होती. उजवीकडचा इंडिकेटर दिला की पुढचा मोठा प्रकाश पडायचाच नाही. त्याऐवजी त्याच भिंगातला पार्किंगचा मंद दिवा उघडझाप करायचा आणि मागचे लाल दिवेही त्याच्या तालावर पुसट मिचमिचायचे. डावीकडचा पार्किंग दिवा तर बल्ब नवा घालूनही मुका. एका गॅरेजमध्ये आठशे रुपये मोजले. त्यांनी दोन वायरी कापून टेपने जोडल्या, चार दिवस बरे गेले, आणि पहिल्या वळवाने भूत परत आलं.

मग कुणीतरी शिवाजी उद्यमनगरातल्या एका इलेक्ट्रिकवाल्याचा पत्ता दिला. लेथ आणि फाउंड्रीच्या खडखडाटात दहा बाय आठचा गाळा, भिंतीवर डायनामोची आर्मेचरं माळेसारखी टांगलेली. कोल्हापुरात ‘वस्ताद’ म्हटलं की लाल माती आठवते, पण या माणसाला अख्खी गल्ली वस्ताद म्हणायची. वय चाळिशीच्या थोडं पुढे, अंगाने काटकुळे. तालमीचं तोंड त्यांनी पाहिलं असेल असं वाटत नव्हतं.

“काय मालक, काय त्रास?” मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर न करता ऐकलं आणि विचारलं, “ऱ्हायला कुठं?” राजारामपुरीतली गल्ली सांगितली, आडनाव सांगितलं. हातातली पक्कड थांबली. “सरांचा पोरगा तू?” मालकाचा एका क्षणात ‘तू’ झाला. मला वाटलं, आता गाडी इथे आणायला सांगतील आणि रांगेत पुढे घेतील. झालं उलटंच. “गाडी हितं आणू नगंस,” ते म्हणाले. “घरीच कर. तू सोताच कर. मी जाताना बघून जाईन.”

मी कॉमर्सचा माणूस. बल्ब बदलण्यापलीकडे विजेशी माझा संबंध नव्हता. पण त्यांनी समोर पडलेला एक बल्ब उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि शिकवणी सुरूही झाली. आत दोन तारा, एक एकवीस वॅटची इंडिकेटरची, दुसरी पाच वॅटची पार्किंगची. बुडाला दोन ठिपके, दोघींचे वेगळे. बाजूच्या दोन खिळ्या खाली-वर, म्हणजे बल्ब उलटा बसूच नये. “जायला वाटा दोन,” ते म्हणाले, “पण परतायला एकच, ही पितळंची टोपी. टोपीतनं होल्डर, होल्डरातनं बॉडी, बॉडीतनं बॅटरी. तुझ्या उजव्या दिव्याला परतायची वाट गंजलीया. अर्थच न्हाई त्याला.”

मग भुताटकीचा उलगडा झाला. एकवीस वॅटच्या तारेतून आलेल्या करंटला बॉडीत उतरता येत नव्हतं. टोपीत अडकलेला तो करंट शेजारच्या पाच वॅटच्या तारेत उलटा शिरायचा आणि पार्किंगच्या वायरीने मागच्या दिव्यांकडे जाऊन तिथून बॉडी गाठायचा. म्हणून पुढचा मोठा दिवा विझलेला आणि मागचे निष्पाप दिवे मिचमिचणारे. दोष एका गंजलेल्या स्क्रूचा आणि बोभाटा गाडीभर.

घरी येऊन हे वडिलांना सांगितलं. “अर्थ नाही म्हणाला? मग आपला दिवा निरर्थक,” असं म्हणून ते मनापासून हसले. अर्थिंगचा अर्थ असा व्हावा, याचा त्या मराठी माध्यमाच्या मास्तरांना फार आनंद झाला.

पुढच्या तीन संध्याकाळी आमच्या अंगणात काम चाललं. वस्तादांनी दोनच नियम घालून दिले होते. पहिला बॅटरीचा. “काढताना ऋण पयलं, लावताना ऋण शेवटचं.” निगेटिव्हला ते ऋण म्हणाले तेव्हा मी चमकलो. गॅरेजमध्ये प्लस-मायनस चालतं. धन अग्र आणि ऋण अग्र ही आमच्या घरातली, वडिलांच्या फळ्यावरची भाषा. नियमामागचं कारण साधं होतं. गाडीची सगळी बॉडी ऋणाला बांधलेली असते. ते टोक आधी सोडलं, तर धनाच्या नटावरचा पाना चुकून पत्र्याला टेकला तरी ठिणगी पडत नाही.

दुसरा नियम टेस्ट लॅम्पचा. मी हौसेने तीनशे रुपयांचा डिजिटल मीटर आणला होता. डाव्या होल्डरमध्ये मीटर बारा व्होल्ट दाखवायचा आणि बल्ब काही लागायचा नाही. वस्तादांनी लुनावरून उतरता उतरताच ते पाहिलं आणि खिशातून हा दिवा काढला. दिवाही लागला नाही. “मीटर नुसतं इचारतंय, वायरीत करंट हाय का, आनी वायर हाय म्हंती. दिवा इचारत न्हाई, काम मागतोय. एका केसावर लोंबणारी वायरबी मीटरला हाय म्हंती. काम मागितलं की खरं कळतं.” मडगार्डच्या आत बोटं घालून त्यांनी वायर दाबली. आवरणाखाली तांब्याची हिरवी भुकटी झाली होती. माझ्या धंद्यातलंच निदान होतं ते. कागदावर ऐपत भरपूर, हप्ता मागितला की काळोख.

“आनी यो दिवा वापरायचा कसा? आधी क्लिप ऋणाला धर. ती घट्ट बसली का बघ. मग कुठंबी टोच. ऋण न धरता टोचत बसलास तर कळायचं काईच न्हाई.” तेवढं बोलून दिवा माझ्याकडे ठेवून ते निघून गेले. कामाला त्यांनी हात असा लावला नाहीच.

मग मी कामाला लागलो. दोन्ही दिव्यांची भिंगं उतरवली, गंजलेले होल्डर पॉलिश पेपरने पितळ दिसेपर्यंत घासले. मडगार्डच्या आतल्या कप्प्यात पंधरा पावसाळ्यांचा चिखल वाळून विटेसारखा बसला होता, तो खुरप्याने काढला. नवी वायर आत घालायची कशी, या विवंचनेत तासभर गेला. वस्ताद दुसऱ्या संध्याकाळी म्हणाले, “जुन्या वायरीला नवी बांध आनी जुनी वड.” जुनी बाहेर येत गेली आणि तिच्या शेपटीला धरून नवी आपसूक आत शिरली, रबरी ग्रोमेटमधून, पत्र्याच्या वळणावळणांतून. तीन वेळा वाईट डाख दिला, चौथा चकाकला. बॉडीवर भिस्त न ठेवता दोन्ही होल्डरांना स्वतंत्र काळी वायर दिली. तिला लग लावून, रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर बोल्टने आवळून वर व्हॅसलीन फासलं. हिशेबही केला. एका बाजूचे पुढचा-मागचा मिळून बेचाळीस वॅट, बारा व्होल्टला साडेतीन अँपिअर. चिनीमातीच्या कांडीचा आठ अँपिअरचा फ्यूज पुरून उरतो. तोही काढून त्याच्या खोबणी घासल्या. बँकेत कोट्यवधींची बाकी जुळवतानाही झाला नव्हता एवढा आनंद त्या साडेतीनने दिला.

तिसऱ्या संध्याकाळी वडील स्टिअरिंगवर बसले. मी पुढे उकिडवा. “डावा!” “लागला!” “उजवा!” “लागला!” “पार्किंग!” “दोन्ही!” उघडझाप एका लयीत सुरू झाली आणि वडिलांचा हात सवयीने खिडकीबाहेर आलाच. आई तुळशीपाशी दिवा लावत होती. ती म्हणाली, “आता एवढे दिवे लागलेत, तर हात आत घ्या.”

पासिंग झालं. पेढे घेऊन मी उद्यमनगरात गेलो आणि किती झाले विचारलं. पेढा घेतला, पैशांचं नाव काढू दिलं नाही. “सरांचं देणं हाय माझ्याकडं,” ते म्हणाले आणि तेव्हा हकीकत कळली. १९७४ साल, आठवीचा वर्ग. प्रयोगशाळेतला ॲमीटर यांनी सेलच्या माळेला थेट जोडला आणि जाळला. पोरं गप्प, छडीची वाट बघत. सरांनी छडी घेतली नाही. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ‘वापराने निकामी’ अशी नोंद केली आणि जळका ॲमीटर पोराच्या हातात दिला. “घरी ने. उघड. आत काय जळलंय ते मला उद्या सांग.” वस्ताद म्हणाले, “त्या रात्री उघडला, त्यो आजून मिटला न्हाई.” दहावी काही त्यांना सुटली नव्हती. पण मला गाडी गाळ्यावर का आणू दिली नाही, ते तेव्हा उमगलं. सरांनी त्यांना दुरुस्त करून दिलं नव्हतं, उघडायला लावलं होतं. त्यांनी मला तेच परत केलं.

घरी धावत येऊन वडिलांना विचारलं. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. “ॲमीटर? ॲमीटर तर दरवर्षीच जळायचे रे,” ते म्हणाले. “कुठला मुलगा म्हणालास?”

मला हे चटका लावून गेलं. बँकेत कर्जाची नोंद दोन्हीकडे असते. आमच्या वहीत आणि ऋणकोच्या पासबुकात आकडा जुळलाच पाहिजे, नाहीतर ऑडिटर झोपू देत नाही. इथे एक माणूस एकोणतीस वर्षं देणं वागवत होता, आणि धनकोच्या वहीत त्याचं नावच नव्हतं. जो फेडतो त्याच्यापाशीच पुरावा असलेलं हे कर्ज. याची वसुली कोण करणार? मागणाराच कुणी नाही, म्हणून ते बुडवायची सोयही नाही.

टेस्ट लॅम्प द्यायचा राहिला. आज देऊ, उद्या देऊ. २०११ मध्ये वडील गेले. त्यानंतर एकदा उद्यमनगरात गेलो, तर गाळ्यात दुसरंच दुकान. वस्ताद गावी शेतावर गेले होते. फियाटचे दिवे मात्र मी दर पावसाळ्यानंतर याच दिव्याने तपासत राहिलो. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी उतरली, ती बातमी वाचली आणि वाटलं, आता उशीर नको. तरी गावाचा पत्ता लागेपर्यंत आणखी वर्ष गेलं.

गेल्या डिसेंबरात फियाट घेऊनच निघालो. कागलवरून मुरगूडकडे, दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस. वस्ताद गोठ्यासमोर मोटारीचा स्टार्टर उघडून बसले होते. सरांचा मुलगा म्हटल्यावर ओळख पटली, चहा आला, सर गेल्याचं ऐकून ते घटकाभर गप्प राहिले. मग मी खिशातून दिवा काढला आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं. बावीस वर्षं झाली, तुमची वस्तू, तुमचे उपकार.

“कसला दिवा?” ते म्हणाले. “माझा? मी कवा दिल्ता?”

मी सगळं सांगितलं. अंगण, हिरवं तांबं, लुना. ते ऐकत होते, जसं दुसऱ्याच कुणाचं चाललंय. माझ्या डोळ्यांसमोर वडिलांचा चेहरा आला, ‘कुठला मुलगा म्हणालास’ विचारतानाचा. मग त्यांनी माझ्या हातातून दिवा घेतला, उठले, माझ्याच गाडीचं बोनेट वर केलं. क्लिप ऋणाला धरली, ओढून घट्ट बसल्याची खात्री केली, आणि टोक धनाला टेकवलं. पितळी होल्डरात पिवळा उजेड पडला.

“चालतोय की रं!” ते म्हणाले, आणि दिवा माझ्या हातात परत दिला. “चालतीया ती वस्तू परत कशापायी देतोस?”

परतताना वळणावर दांडी खाली केली. टिकटिक लयीत होती. तरी हात खिडकीबाहेर गेलाच. बाजूच्या सीटवर टेस्ट लॅम्प होता. खातं बंद करायला गेलो होतो आणि ते चालू खातं म्हणून परत घेऊन आलो.