इंजिनाची कुरकुर

'यंत्र सदोष, बदलून मिळावे' असा शेरा घेऊन एखादी जीप बिनतारी कारखान्याच्या आवारात दाखल झाली, की मी बिनतारी यंत्र न खोलता प्रथम इंजिन चालू करावयास सांगतो, संदेश नसता गोंगाट दाबून ठेवणारा स्क्वेल्च उघडतो आणि ऐकत बसतो; कारण पेट्रोलचे इंजिन हेच मुळी एक ओबडधोबड प्रक्षेपक असून, 1887 साली हर्ट्झने ज्या जातीच्या ठिणगीतून विद्युच्चुंबकीय लहरी उठविल्या, त्याच जातीची ठिणगी चार सिलिंडरांच्या इंजिनात, ते मिनिटाला 3000 फेरे घेत असता, सेकंदाला शंभर वेळा पडत असते.

ठिणगीचा उपद्रव टकटकीच्या रूपाने ऐकू येतो, अल्टरनेटरचा शिळेच्या. उभ्या गाडीतच इंजिनाचा वेग वाढवून किल्ली बंद करावी: टकटक तत्क्षणी थांबते, शीळ मात्र फेऱ्यांबरोबर उतरत जाते. मग एरियल काढून पाहावे. तरीही गोंगाट राहिला, तर तो हवेतून नव्हे, वीजपुरवठ्याच्या तारेतून शिरत आहे असे समजून, धन व ऋण दोन्ही तारा बॅटरीजवळ फ्यूज घालून थेट बॅटरीपर्यंत न्याव्यात.

एफएम पद्धतीत लहरीच्या उंचीतील चढउतार छाटले जात असल्यामुळे ठिणगीचा त्रास पुष्कळ कमी होतो खरा, परंतु येणारा संदेश क्षीण असला की ही छाटणी तोकडी पडते; म्हणूनच ठाण्याच्या आवारात निर्वेध बोलणारी गाडी घाट उतरू लागताच तक्रार करते, आणि चालकाची जबानी खोटी ठरविण्याची घाई दप्तरात बसलेल्यांनी करू नये.

रोधयुक्त प्लग, कार्बनच्या तारा, डायनॅमोवर कंडेन्सर (तो फील्डच्या टोकाला कदापि नव्हे, कारण त्याने रेग्युलेटरचे संपर्क जळतात) हे उपाय सर्वश्रुत आहेत. माझा भरवसा मात्र पॉलिशपेपरवर अधिक: बॉनेट बिजागऱ्यांवर टेकलेले असते, आणि त्या सांध्यांत रंग व गंज साचला, की तो प्रशस्त पत्रा, गाडीच्या सांगाड्याशी विद्युत्‌संबंध तुटून, इंजिनातील गोंगाट बाहेर फेकणारे एरियलच होऊन बसतो. रंग खरवडून, लखलखीत धातूवर विणलेल्या तांब्याची आखूड पट्टी आवळली, की पुष्कळदा नवे यंत्र मागण्याचे प्रयोजनच उरत नाही.

डिझेलच्या गाड्यांत ठिणगीच नसल्याने हा जाच संपला, तरी शीळ उरली, आणि इंजिनांचा कारभार इलेक्ट्रॉनिक पेटीकडे गेल्यापासून उलटीच फिर्याद येऊ लागली आहे: "साहेब बोलू लागले, की गाडी आचके देते." तेव्हा एरियल व त्याची केबल इंजिनाच्या तारांपासून दूर, टपाच्या मध्यभागी हलवावी लागते.