झाडूचं ऑलिंपिक अन् रात्रीची लाईट



या आठवड्यात शेतीची लाईट रात्री बाराला. गहू ओंबीत आलाय, दाणा भरतोय, आत्ता पाणी चुकवून चालत नाही. लाईटीची वाट बघत मोटारीपाशी बसायचं अन् बिबट्याच्या धाकानं डोळा लागू द्यायचा नाही. मग मोबाईलवर इटलीतलं हिवाळी ऑलिंपिक बघतोय. तिकडचं घड्याळ साडेचार तास मागं, म्हणजे आपली मध्यरात्र ती त्यांची संध्याकाळ. सोयीचं पडतं.

बाकीचे खेळ मला झेपत नाहीत. बर्फावरून कुणी उलटीपालटी उडी मारली की माझ्याच पोटात गोळा येतो. पण कर्लिंग! जवळपास २० किलोचा ग्रॅनाइटचा दगड बर्फावर घसरत सोडायचा, अन् दोघांनी त्याच्यापुढं जीव खाऊन झाडू घासत पळायचं. घासल्यावर घर्षण कमी होतं, दगड लांब अन् सरळ जातो. सुटलेल्या दगडाला मात्र झाडूसुद्धा लागता कामा नये. संध्याकाळी आईला दाखवलं. म्हणाली, "आरं, झाडायला मेडल देत्यात व्हय? मग माझी कुठं गेली?"

यावर काय बोलणार!

खरी गंमत सामन्याआधी. एक माणूस पाठीवर टाकी, हातात नळी घेऊन मागं मागं सरकत बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडतो. ते गोठून बारीक पुरळ उठतं, त्यावरून दगड पळतो. बघताक्षणी ओळखलं, हा तर आपला फवारणीवाला! चालसुद्धा तीच.

आपल्याकडं बर्फ म्हणजे गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट आठवते ना? उभं पीक झोपलं, बांधावर पांढरा थर. तेव्हा टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. त्यामुळं स्क्रीनवर पांढरं दिसलं की मी आधी वर बघतो. कालपासून आभाळ आलंय.

काल शेवटचा दगड सुटला, झाडूवाले पळाले, दगड गोलाच्या कडेपर्यंत आला अन् लाईट आली. मोबाईल खिशात, फावडं हातात. कोण जिंकलं, अजून ठाऊक नाही. दारं धरताना पाटातला पाला ओढत मीही पाण्यापुढं पळत होतो. बिबट्या उसातून बघत असलाच, तर त्यालाही सामना दिसला असेल.